एका ओळीचा शेरा आणि जवानाचा हक्क



सैनिकाच्या त्यागाचा गौरव आपल्या देशात उदंड होतो. परंतु सेवेत ज्याचे आरोग्य कायमचे गेले, त्याच्या अर्जाचे कचेरीत काय होते, हे गौरवाच्या सभांत कोणी विचारीत नाही. अपंगत्व निवृत्तिवेतन हा उपकार नव्हे, हक्क आहे; आणि त्या हक्काचा निकाल पुष्कळदा एका ओळीच्या शेऱ्याने लागतो: व्याधी लष्करी सेवेमुळे उद्भवलेली नाही व सेवेमुळे बळावलेलीही नाही.

ह्या बाबतीत १९८२ चे नियम अनुदार नव्हते. अर्जदाराकडे पुरावा मागू नये, वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यावा, असे त्यांत स्पष्ट होते. भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद नाही, ती सामान्यतः सेवेतच जडली असे मानावे, हेही होते. प्रत्यक्षात काय घडले? १९८५ साली सिग्नल्स दलात दाखल झालेले धरमवीर सिंग १९९४ साली फेफऱ्याच्या विकारामुळे सेवामुक्त झाले. अपंगत्व वीस टक्के ठरले. पण वैद्यकीय मंडळाने सेवेशी संबंध नाही असे लिहिले आणि त्याचे कारण दिले नाही. त्या शेऱ्यावर अर्ज नामंजूर झाला. तो शेरा चुकीचा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१३ साली आला. मध्ये एकोणीस वर्षे गेली.

त्यापूर्वी १९९३ सालीच ह्या न्यायालयाने दुसऱ्या एका जवानाच्या प्रकरणात बजावले होते की, वरिष्ठ वैद्यकीय मंडळाकडे प्रकरण न पाठवता लेखा कार्यालयाने डॉक्टरांचा निर्णय फिरवू नये. ज्याने रोगी पाहिलाच नाही त्याने केवळ फायलीवरून अपंगत्व ठरवावे, ही रीत न्यायालयाला सांगून थांबवावी लागली!

ह्यात कारकुनाला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. त्याने मंजुरी दिली तर लेखापरीक्षणात आक्षेप येण्याची धास्ती असते. नामंजुरी दिली तर त्याला कोणी जाब विचारीत नाही. ज्या व्यवस्थेत ‘नाही’ म्हणणे बिनधोक असते, तेथे सज्जन माणूसही ‘नाही’च लिहितो. आणि अर्थशास्त्राच्या भाषेत हा विलंब म्हणजे अपंगाच्या कुटुंबाकडून सरकारी खजिन्याने सक्तीने उचललेले कर्ज होय. त्या काळातील औषधपाणी व मुलांची शाळा ह्यांचा भार ते घरच सोसते.

सशस्त्र दल न्यायाधिकरण २००९ साली सुरू झाले. तेथे जिंकलेल्या जवानांविरुद्धही सरकार अपिलात जात राहिले. अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याच्या प्रश्नावरील अशी अपिले सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली फेटाळली. नियम २००८ व २०२३ साली नव्याने आले. तथापि मूळ तत्त्व सोडण्याचे कारण नाही: ज्याला राज्याने तपासून धडधाकट म्हणून घेतले, तो आजारी होऊन परतला तर कारण देण्याची जबाबदारी राज्याची आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक नकाराखाली वैद्यकीय कारण लिहिलेले असावे, निर्णयाला मुदत असावी आणि हरलेल्या मुद्द्यावर पुन्हा अपील होऊ नये. सातारा-कोल्हापूरकडील ज्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या जवान गेले, तेथील कार्यकर्त्यांनी नामंजुरीची पत्रे पाहावीत, अपिलाची मुदत टळू देऊ नये आणि वैद्यकीय मंडळाच्या कागदांच्या प्रती मागून घ्याव्यात. गिरणीत वा खाणीत शरीर झिजलेल्या कामगारासाठी चळवळीने हेच काम केले आहे. गणवेशातला श्रमिक त्याला अपवाद नाही.