सव्वासहाची लोकल आणि सोळाव्या वर्षाची झोप

अंबरनाथ ते सीएसएमटी हे अंतर 60 किलोमीटर. माटुंग्याला रुईया किंवा व्हीजेटीआयमध्ये शिकणाऱ्या इथल्या मुलामुलींचा दिवस लोकलच्या वेळेला बांधलेला असतो. सव्वासहाची गाडी पकडायची तर पाचला उठणं आलंच. उल्हासनगर-विठ्ठलवाडीची काही मुलं तर उलट दिशेची गाडी पकडून अंबरनाथ-बदलापूरपर्यंत येतात आणि त्याच गाडीत बसून परत जातात. 'रिटर्न' येणाऱ्यांवरून डब्यात वादही होतात. बसायची जागा मिळते, पण ती झोपेच्या अर्ध्या तासावर विकत घेतलेली असते.

श्रोतेहो, मुलांच्या तब्येतीचा विषय निघाला की व्यायाम, आहार, मोबाइल ही यादी सुरू होते. झोपेचं नाव शेवटी येतं, आणि तेही 'लवकर निजे, लवकर उठे' या सुरात. पण वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा पाझरू लागतं. सोळा वर्षांच्या मुलाचा साडेदहापर्यंत डोळा लागत नाही, याला आळस म्हणणं अन्याय आहे. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकांच्या अकादमीने 2016 साली 13 ते 18 वयासाठी 8 ते 10 तास झोप सांगितली. पाचला उठणाऱ्याने आठ तास भरायचे तर नऊला अंथरुणात हवं. संध्याकाळचा क्लास मात्र साडेआठला सुटतो. हा हिशेब कुठल्याच घरात जुळत नाही.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. निर्णय चांगलाच. पण ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकलेलं असतं, ती नववी-दहावीची मुलं त्यातून बाहेर राहिली. सिएटल शहराने 2016 मध्ये माध्यमिक शाळांची वेळ 7.50 वरून 8.45 केली, तेव्हा मोजमापात मुलांची झोप सुमारे 34 मिनिटांनी वाढलेली दिसली. वेळ पुढे गेली म्हणून मुलं तेवढी जास्त जागली नाहीत.

शाळा-कॉलेजच्या वेळा बदलेपर्यंत घरी काय करता येईल? क्लासची बॅच निवडताना फीइतकाच सुटायच्या वेळेचा विचार व्हावा. संध्याकाळी सातचा टपरीवरचा चहा टाळावा. त्यातल्या कॅफीनचा साधारण निम्मा भाग पाच तासांनंतरही अंगात असतो. मोबाइल उशाशी चार्जिंगला लावण्याऐवजी स्वयंपाकघरात लावावा, आणि हा नियम आईबाबांनीही पाळावा. नाहीतर तो टिकत नाही. डब्यातली डुलकी वाया जात नाही, मात्र ती रात्रीच्या झोपेची जागा घेऊ शकत नाही.

पाचला उठणाऱ्यांची न्याहारी हमखास बुडते. मग प्लॅटफॉर्मवरचा वडापाव, सोबत चहा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. जेवणासोबतचा चहा अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही, लिंबू मदत करतं. रात्रीच भिजवलेली मटकी सकाळी परतून, वर लिंबू पिळून डब्यात घालायला दहा मिनिटं पुरतात. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी कित्येक मुली दप्तरातच ठेवतात. मळमळतं म्हणून. ती जेवणानंतर घेतली की त्रास बराच कमी होतो.

झोप, जेवण, थोडं मैदान एवढं सांभाळूनही एखादं मूल आतून मिटत जातं. मित्र टाळतं, पेपरच्या आदल्या रात्री रडत बसतं. अशा वेळी 'अभ्यासाचं टेन्शन, होईल ठीक' म्हणून सोडून देऊ नये. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये उभारलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ लोकलने तासाभराच्या आत गाठता येते. आणि मध्यरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं, तर सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.