थंडीतील नवजात करडे आणि प्राथमिक शाळा
(उंद्री, तालुका चिखली, परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



मार्गशीर्ष सरून पौष लागला की घाटावरील शाळांच्या हजेरीपटात एक बारीकसा बदल दिसू लागतो. ज्या मुलांचे एरवी पावसापाण्यातही खाडे होत नाहीत, त्यांच्यातील एखादा मुलगा किंवा मुलगी सलग दोन-तीन दिवस वर्गात येत नाही. शेजारच्या मुलास विचारावे तर उत्तर येते, ‘त्याची बकरी व्याली, गुरुजी.’ शिक्षक ते ऐकून घेतात, हजेरीपटावर खूण करतात आणि पुढील नावाकडे वळतात. ह्या छोट्याशा उत्तरामागे त्या घरात काय चाललेले असते, आणि त्यात शाळेने लक्ष घालण्याजोगे काही आहे काय, हा आजचा विषय होय.

बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग लोक नेहमीच्या बोलण्यातच करतात. खामगाव, शेगाव, नांदुरा ही गावे पूर्णेच्या खोऱ्यात, घाटाखाली. चिखली तालुका आणि त्यातील उंद्री हा घाटावरचा मुलूख. हिवाळ्यात आकाश निरभ्र असले म्हणजे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब झपाट्याने गमावते, आणि मोकळ्या पठारावर वाऱ्यास अडवणारे फारसे काही नसते. विदर्भाची ख्याती उन्हाळ्याबद्दल. येथे थंडीने जनावर दगावते असे परप्रांतीयास सांगितले तर त्यास ते खरे वाटत नाही. परंतु २९ डिसेंबर २०१८ रोजी खुद्द नागपुरात पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. ज्या पहाटे माणसास अंथरूण सोडवत नाही, त्याच पहाटे गोठ्यात ओले करडू जमिनीवर पडत असते.

ह्या दिवसांतच करडे का जन्मतात, ह्याचे गणित सरळ आहे. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. पावसाळ्यात हिरवा चारा पोटात गेला की शेळ्या माजावर येतात; श्रावणात गाभण राहिलेली शेळी पौषाच्या सुमारास विते. उस्मानाबादी शेळीस जुळी होणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि विदर्भातील बेरारी जातीतही जुळी होतात. २०१९ साली झालेल्या २०व्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. शेळीस ‘गरिबाची गाय’ म्हणतात, पण ज्यांच्याकडे जमीन थोडी किंवा मुळीच नाही, त्यांच्या घरी ती गायीपेक्षाही पेढीचेच काम अधिक करते. दुखण्याखुपण्यास, लग्नकार्यास, आणि पुष्कळदा मुलांच्या वह्यापुस्तकांसही तिच्याच विक्रीचा पैसा उपयोगी पडतो. म्हणून जुळ्यांपैकी एक करडू रात्रीतून गेले तर त्या घराची शिल्लकच तेवढी घटते, आणि उरलेल्या एकास राखण्यासाठी घरातील मोकळा माणूस बसवला जातो. तो मोकळा माणूस म्हणजे बहुधा शाळेत जाणारे मूल.

करडू थंडीने का मरते, हे प्रथम नीट समजून घ्यावयास हवे. पोटात असताना ते सुमारे ३९ अंशांच्या उबेत असते. तेथून ते एकदम आठ-दहा अंशांच्या हवेत, तेही सर्वांगाने भिजलेले, बाहेर येते. त्याचे वजन जेमतेम दोन किलोच्या आसपास. लहान वस्तू मोठ्या वस्तूपेक्षा लवकर निवते. ओली वस्तू कोरडीपेक्षा लवकर निवते. ह्या दोन्ही गोष्टी वर्गात दाखविणे अगदी सोपे आहे. एक पेला आणि एक घागर सारख्याच गरम पाण्याने भरून ठेवावी व अर्ध्या तासाने मुलांस बोट बुडवून पाहण्यास सांगावे. नंतर दोन सारखे पेले घेऊन एकाभोवती ओले फडके व दुसऱ्याभोवती कोरडे फडके गुंडाळून दोन्ही वाऱ्यात ठेवावे. तापमापक असल्यास उत्तम. नसल्यास बोटही पुरते. ज्या मुलाने हे स्वतःच्या बोटाने अनुभवले, त्यास करडू कोरडे का करावयाचे हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

जन्मतः करडाच्या अंगी ऊब निर्माण करणारी थोडी चरबी साठविलेली असते. ही शिदोरी काही तासांचीच. ती संपण्याच्या आत पोटात चीक गेला पाहिजे. चीक हे करडाचे अन्न तर आहेच, पण त्याचे दुसरे कार्य अधिक मोलाचे आहे. मानवी अर्भकास आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भातच मिळू लागतात. शेळीच्या पिलास ती गर्भात मिळत नाहीत, चिकातूनच मिळावी लागतात. आणि ती शोषून घेणारी आतड्याची दारे जन्मानंतर एकेक तासाने मिटत जातात, चोवीस तासांत जवळजवळ बंदच होतात. ह्यास्तव पहिला चीक शक्य तर तासाभरातच पाजावा. पहिल्या चोवीस तासांत एकूण चीक करडाच्या वजनाच्या एकदशांशाइतका जावा. दोन किलोचे करडू असेल तर २०० मिलिलिटर, म्हणजे पाच वेळा प्रत्येकी ४०. चौथीच्या वर्गास ह्याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

येथे एक अवघड जागा येते. महाराष्ट्रात पुष्कळ घरी अशी समजूत आहे की वार पडेपर्यंत करडास चीक पाजू नये. घरातील वडीलधारी मंडळी हे सांगतात आणि मुले ते पाळतात. वार पडण्यास काही तास लागतात. कधी रात्र उलटते. तेवढ्या वेळात करडाची शिदोरी संपते, अंग गार पडते, आणि सकाळी ‘थंडीने गेले’ असे म्हटले जाते. वस्तुतः ते उपासाने गेलेले असते, थंडीने केवळ शेवटचा धक्का दिला. शिवाय खरी गोष्ट नेमकी उलट आहे. करडू कास ओढू लागले की शेळीच्या गर्भाशयाचे आकुंचन वाढते आणि वार पडण्यास साहाय्यच होते.

आता हे मुलास सांगावे, आणि मुलाने घरी जाऊन आजीस सांगावे, इतके ते सोपे नाही. दहा वर्षांच्या मुलाने आजीची चूक काढणे आजीस रुचणार नाही, आणि शिक्षकासही ते शोभणार नाही. विशेषतः आजीच्या पदरी पुष्कळ खरे ज्ञान असते. करडू जन्मताच त्याच्या नाकातोंडातील चिकटा बोटाने काढणे, गोणपाटाने अंग खसखसा पुसणे, शेळीस चाटू देणे, रात्री डालग्याखाली झाकणे, हे तिने कोणा पुस्तकातून घेतलेले नाही, आणि ह्यांतील एकही गोष्ट पशुवैद्यकास अमान्य नाही. चाटण्याने करडाचे रक्त खेळू लागते आणि आईस त्याचा वास ओळखीचा होतो. पहिल्या एक-दोन तासांत करडू फार वेळ दूर नेले तर कित्येकदा शेळी पुढे त्यास जवळ येऊ देत नाही, हेही आजीस ठाऊक असते. तेव्हा शिक्षकाने प्रथम आजीस शाळेत बोलवावे, तिच्याकडून हे सारे मुलांपुढे वदवून घ्यावे. आणि त्याच बैठकीस पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक यांस पाचारण करून चिकाची गोष्ट त्यांच्या तोंडून सांगवावी. जिच्या ज्ञानाचा मान राखला गेला, ती दुसऱ्याचे ऐकून घेण्यास तयार होते.

एक धोक्याची सूचना मात्र मुलांस स्वतंत्रपणे, पुनःपुन्हा द्यावी. करडाच्या तोंडात स्वच्छ बोट घालून पाहावे. तोंड उबदार असेल आणि ते बोट चोखत असेल तर लगेच पाजावे. तोंड गार लागत असेल, मान टाकली असेल, चोखण्याची शक्ती नसेल, तर बळेच चीक ओतू नये. तो श्वासनलिकेत उतरून करडू गुदमरते. अशा करडास आधी कोरडे करून, फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली कुशीस ठेवून उबेस आणावे, आणि चोखू लागल्यावरच पाजावे. जन्मून पाच-सहा तास उलटलेले, पोट रिकामे असलेले करडू गार पडले असेल तर नुसती ऊब देणेही धोक्याचे ठरते, कारण रक्तातील साखर संपलेली असते. तेथे वेळ न दवडता पशुवैद्यकासच गाठावे. त्यासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या त्या १ मे १९६२ रोजी, तेव्हा शिक्षकांस तरी हा आकडा लक्षात ठेवणे जड जाऊ नये.

नाळेविषयी थोडक्यात. पोटापासून दोन-तीन बोटे अंतर सोडून स्वच्छ दोऱ्याने बांधावी, नव्या पात्याने कापावी आणि टोक टिंक्चर आयोडिनात बुडवावे. राख किंवा शेण लावू नये. त्यातून धनुर्वाताची भीती असते. पडलेली वार कुत्र्यांस न टाकता खोल पुरावी. मुलांनी व गरोदर स्त्रियांनी ती उघड्या हाताने हाताळू नये, कारण काही रोग जनावरांपासून माणसास त्या वाटेने येतात. करडू हाताळल्यावर साबणाने हात धुणे हे तर शाळेच्या रोजच्या पाठातीलच आहे.

गोठ्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. थंडी म्हणून चारही बाजू गच्च बंद करतात आणि आत शेकोटी पेटवतात. त्याने मुताची वाफ आणि धूर कोंडून करडांची फुप्फुसे बिघडतात. कुटारास ठिणगी लागली तर सारा गोठाच जातो. वारा अडवावयाचा तो करडाच्या उंचीवर. तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड घालून त्यास आतून गोणपाट लावले म्हणजे काम भागते; वर छपराजवळ हवा जावयास जागा मोकळी राहू द्यावी. खाली सोयाबीनचे कोरडे कुटार चांगले जाड पसरावे आणि ओले झाले की बदलावे. कुटार कोरडे आहे की नाही हे पाहण्याची रीत अशी: मुलाने त्यावर गुडघे टेकून थोडा वेळ बसावे. उठल्यावर गुडघे ओले लागले, तर करडाचे पोटही तेथे ओलेच राहणार.

कोरड्या थंडीपेक्षा ओली थंडी फार वाईट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेली गारपीट आणि २०२३ च्या नोव्हेंबरअखेरचा अवकाळी पाऊस पुष्कळांच्या स्मरणात असेल. हवामान खात्याचा अशा पावसाचा इशारा वर्तमानपत्रात किंवा भ्रमणध्वनीवर आला असेल तर परिपाठाच्या वेळी तो वाचून दाखविण्यास दोन मिनिटे पुरतात. ज्या घरी शेळी दिवसांत आली आहे, ते मूल तो निरोप घरी बिनचूक पोचविते.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास जी शिक्षण परिषद भरली, तीत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण द्यावे असा विचार मांडला. वर्धा काही दूर नाही, आणि ते स्वतः शेळीचेच दूध घेत, हा योगायोग सोडून देऊ. त्या योजनेचे पुढे काय झाले हा निराळा विषय. परंतु येथे कोणी असे समजू नये की मुलास गोठ्यात बसविले म्हणजेच शिक्षण झाले. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि शेळीराखणीसाठी घरी राहिलेल्या मुलाचा तो हक्क त्या दिवशी बुडतोच. तथापि त्या मुलास वर्गात उभे करून जाब विचारणे, हा त्यावरचा उपाय नव्हे. पहिली रात्र नीट पार पडली, करडू कोरडे झाले, त्याच्या पोटात वेळेवर चीक गेला, तर दुसऱ्या दिवसापासून ते आईमागे स्वतःच उभे राहून पिते, आणि त्याच्याजवळ कोणी बसून राहण्याची गरज उरत नाही. ज्या घरास हे नेमके माहीत नाही, ते तीन-चार दिवस मूल घरी ठेवते. ज्यास माहीत आहे, ते दुसऱ्या दिवशी शाळेत पाठविते.

म्हणून दिवाळीची सुटी संपताच वर्गात एक साधी विचारणा करावी: कोणाच्या घरी शेळ्या गाभण आहेत, आणि कोणत्या महिन्यात लागल्या? मुलांस हे अचूक ठाऊक असते. पाच महिने पुढे मोजून त्यांच्याकडूनच तारखा काढवून फळ्याच्या कडेस लिहून ठेवाव्यात. त्या घरच्या पालकांस निरोप द्यावा की शेवटच्या महिना-दीड महिन्यात शेळीस रोज पाव किलोच्या आसपास भरडा किंवा पेंड मिळावी आणि आंत्रविषाराच्या लसीबद्दल दवाखान्यात विचारावे. शेळीच उपाशी असेल तर करडू अशक्त जन्मते आणि कासेत चीक उतरत नाही. मग कितीही गोणपाटे बांधली तरी ती कमीच पडतात.

मूल परत शाळेत आले म्हणजे त्यास करडाचे वजन विचारावे. ठाऊक नसेल तर वजन करण्याची युक्ती सांगावी. आरोग्य तपासणीचा काटा शाळेत असल्यास मुलाने प्रथम एकटे उभे राहावे, मग करडू कवेत घेऊन, आणि वजाबाकी वर्गाने करावी. दर आठवड्यास हा आकडा चौकोनी कागदावर टिंबाने मांडीत गेल्यास संक्रांतीपासून शिवरात्रीपर्यंत एक चढती रेघ तयार होते. जुळी असतील तर दोन रेघा काढाव्यात. त्यांतील एक मागे पडू लागली की त्या करडास दूध पुरत नाही, हे घरच्या मंडळींच्या ध्यानात येण्याआधीच बहुधा त्या मुलाच्या ध्यानात आलेले असते.