तारेची माशी

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)

आदरणीय गुरुजन, आणि अजूनही एकमेकांना टोपणनावानंच हाक मारणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'अमेरिकेतील अनुभव' असा विषय दिला होता. तो मी हात जोडून परत केला. ते अनुभव तुमच्यापैकी निम्मे लोक आपापल्या मुलांकडून दर रविवारी फोनवर ऐकतात. माझा विषय ऐकून मागच्या बाकांवरून हसू येईल. येऊ दे, मागच्या बाकांची ती जुनीच पद्धत आहे. तांब्याच्या तारेची माशी कशी बांधतात, आणि माल भिकार निघाला की ती का बांधली जात नाही, एवढंच मी सांगणार आहे. शेवटी शाळेच्या एका खरेदीबद्दलही बोलेन.

आपण कृष्णेच्या घाटावर गळ टाकायचो. गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, आणि लागलाच तर एखादा बोटभर मासा. मी आता राहतो त्या कोलोरॅडोत थंड पाण्यात ट्राऊट नावाचा मासा असतो. त्याला नुसतं आमिष लावून पकडण्यापेक्षा, तो रोज जे किडे खातो त्यांची नक्कल करून त्याला फसवण्यात तिथल्या लोकांना जास्त गंमत वाटते. गळाच्या दांड्यावर दोरा, पीस, लोकर, तार असं काहीबाही गुंडाळून ही नक्कल करतात. तिला 'फ्लाय' म्हणतात. म्हणायला माशी, पण ट्राऊटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच असतं, त्यामुळे निम्म्या माशा खरं तर अळ्या असतात. पकडलेला मासा बहुतेक जण सोडून देतात. हे मी गावी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या चुलत्यांनी माझ्याकडे फार काळजीनं पाहिलं होतं.

अळीची नक्कल करायची तर माशी बुडायला हवी, आणि तार आली ती त्यासाठी. तांबं पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड. डेन्व्हरमधून वाहणाऱ्या साउथ प्लॅट नदीवर १९६० च्या दशकात तिथल्या गळवाल्यांनी एक माशी काढली, ब्रासी. नाव पितळेचं आणि अंग तांब्याचं! गळाच्या दांड्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, आणि डोक्याशी मोरपिसाच्या तंतूंचे दोन-चार फेरे. बस्स. चिलटासारख्या एका किड्याच्या अळीचं हे सोंग. त्याच्याही आधी इंग्लंडात विल्टशरमध्ये एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर दोऱ्याऐवजी बारीक तांब्याची तारच वापरत. वजनही तिचंच आणि बांधणीही तिचीच. त्यांचं 'निम्फ्स अँड द ट्राऊट' हे पुस्तक १९५८ चं. त्यांची दुसरी एक माशी रफू करायच्या एका विशिष्ट लोकरीची होती, चॅडविक कंपनीची ४७७ नंबरची. ती लोकर निघायची बंद झाली, तेव्हापासून लोक तिची जुनी कार्डं सोन्यासारखी जपून ठेवतात. चांगला माल बंद झाला की माणसं किती हळहळतात, याचा याहून बारीक नमुना माझ्या पाहण्यात नाही.

आता तार. दुकानात एका जाडीच्या तारेला 'ब्रासी' हेच नाव पडलं आहे. मी पहिल्यांदा ते रीळ हातात घेतलं आणि चिमटीत तार फिरवली, तेव्हा ती बोटांना ओळखीची लागली. घरी येऊन मोजली. साधारण ०.१९ मिलिमीटर. म्हणजे आपली ३६ गेजची, छताच्या पंख्याच्या वाइंडिंगची!

बसस्टँडमागचं अण्णांचं वाइंडिंगचं दुकान तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. वार्निशच्या वासानं तुम्ही नाक धरून पुढे जायचात. जळालेले पंखे आणि विहिरींवरच्या मोटारी तिथं यायच्या. जुनी तार तोडून काढायची, स्टेटरचे स्लॉट साफ करायचे, लेदरॉइड कागद बसवायचा, नवी कॉइल भरायची, वार्निश, मग भट्टी. वेढे मोजायचं काम माझ्याकडे असे, कारण माझे पाढे पक्के होते. त्याचं श्रेय समोर बसलेल्या आमच्या गणिताच्या बाईंना.

माशीवर वेढे घालतानाही तेच करायचं. गळ छोट्या व्हाइसमध्ये पकडायचा. १८-२० नंबरचा गळ म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा. तारेच्या गेजसारखंच, नंबर वाढला की वस्तू लहान. तार आधी दांड्याच्या पूर्ण लांबीवर दोऱ्यानं बांधून घ्यायची. मध्येच बांधली तर तिथं उंचवटा येतो आणि अळीला पोक निघतं. मग वेढ्याला वेढा भिडवत पुढे यायचं. फट नको, वेढ्यावर वेढा नको, ताण सारखा हवा. शेवटी तार कात्रीनं कापायची नाही, कात्रीची धार जाते. मागेपुढे वाकवून मुळातून तोडायची. हे सगळं अण्णांच्या बाकड्यावर बसून आधीच शिकलेलं होतं.

पण हाताला कितीही सवय असली तरी माल नीट नसेल तर काही चालत नाही. मागच्या वर्षी मी एका विक्रेत्याकडून स्वस्तात शंभर गळ आणि बारा रिळं मागवली. गळाला दोरा ओवायचं नेढं असतं, ते पूर्ण मिटलेलं हवं. शंभरातल्या तीसेक गळांची नेढी उघडीच होती. दोरा त्या फटीतून निसटतो, किंवा तिथल्या धारदार कडेवर कापला जातो. काही गळ व्हाइसमध्ये धरून नखानं दाबले तर वाकलेलेच राहिले, काही काटकन मोडले. पोलाद तापवून कडक करायचं आणि पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा, या दोन पायऱ्यांत कुणीतरी घाई केली की हे असं होतं. रिळांवर तांब्याचा रंग होता. ब्लेडनं खरवडलं तर आत पांढरंफटक! ॲल्युमिनियम. तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हलकं. माशी सुरेख दिसत होती, पण तळाशी जायला तयार नव्हती.

या माशा बांधणारं यंत्र नाही. बाजारातल्या बहुतेक तयार माशा केनिया, श्रीलंका, थायलंड अशा देशांत हातानं बांधल्या जातात, आणि त्या हातांची सफाई मी पाहिलेली आहे. माशी सुटते तेव्हा लोक बांधणाऱ्याला बोल लावतात. त्याच्या हातात तसला गळ आणि तसली तार कुणी दिली, हे कुणी विचारत नाही.

माझा मासा सुटला तर माझं काही बिघडत नाही, तो मी सोडणारच होतो. अण्णांच्या दुकानातली गोष्ट वेगळी होती. लाल वार्निश दिलेली ॲल्युमिनियमची तार आपल्या भागात यायला लागली, तेव्हा भाव ऐकून गिऱ्हाईक तिकडे वळलं. ॲल्युमिनियम मुळात वाईट नाही. त्यासाठी आखलेली मोटर बरी चालते. पण तेवढाच प्रवाह न्यायला ती तार तांब्यापेक्षा जाड लागते, आणि तांब्यासाठी कापलेल्या स्लॉटमध्ये ती जाडी मावत नाही. मग त्याच गेजची भरतात. रात्रीची वीज, कमी दाब, मोटर तापते, जळते. उन्हाळ्यात उसाला दोन पाळ्या पाणी चुकलं की काय होतं, ते इथं मी सांगायला नको. असली जळालेली मोटर घेऊन शेतकरी अण्णांकडे यायचा, दुसऱ्यांदा पैसे मोजायला. अण्णा तार खरवडून त्याला दाखवायचे आणि गप्प बसायचे. ज्यानं भरली त्याचं नाव कधी घेतलं नाही त्यांनी. मला त्या वयात त्यांचा तो गप्पपणा आवडत नसे, आजही फारसा आवडत नाही. चार माणसांत बोलायला हवं होतं, असं वाटतं.

म्हणून मी बोलतो. आपण सगळ्यांनी मिळून शाळेच्या कार्यानुभवाच्या खोलीसाठी वर्गणी काढली आहे. समितीपुढे दोन दरपत्रकं आहेत. एकात चाळीस मुलांना चाळीस हत्यारसंच, दुसऱ्यात त्याच पैशांत बारा. चाळीसचा फोटो चांगला येईल, हे मला कळतं. पण मागच्या खेपेला मिळालेले संच काल मी खोलीत जाऊन पाहिले. पेचकसांची टोकं पिळवटली आहेत, पकडीचे जबडे एकमेकांवर बसत नाहीत, तारेचं वेष्टण सोलायच्या हत्यारानं आतली तारच तुटते. तिथल्या एका मुलीनं मला सांगितलं, "सर, मला हे जमत नाही." मी तिच्या हातातली पकड घेऊन बघितली. मलाही जमलं नाही. मग खिशातली माझी तिला दिली. पहिल्याच झटक्यात वेष्टण निघालं, तार शाबूत. आधीचे सहा महिने ती मुलगी स्वतःच्या हातांना दोष देत होती.

माझं म्हणणं, बारा संच घ्यावेत. एका संचावर तीन-चार मुलं बसतील, आळीपाळीनं काम करतील. आपण एका करवतीवर अख्खा वर्ग काढला आहे. आणि पैसे देण्याआधी दोन्ही विक्रेत्यांकडून एकेक नमुना मागवून आपल्या क्राफ्टच्या सरांच्या हातात द्यावा. सर, तुमचं वय झालं असं तुम्ही सकाळी म्हणालात, पण चहाच्या कपाची दांडी सैल आहे हे आज सगळ्यात आधी तुम्हीच ओळखलंत.

उद्या सकाळी नऊ वाजता त्याच खोलीत मी दोन व्हाइस मांडून बसणार आहे. गळांची टोकं मोडून आणली आहेत, तेव्हा नातवंडांना खुशाल घेऊन या. तार इथल्याच एका वाइंडरकडून घेतली, खरवडून पाहिली, तांबंच आहे. मोरपीस तेवढं तुम्ही आणा. ते देशाबाहेर न्यायला बंदी आहे, म्हणून तिकडचं काम मी तिथल्याच पाळीव मोरांच्या पिसांवर भागवतो. पण तुमच्यापैकी कुणाच्या तरी जुन्या वहीत एखादं अजून असेलच.