रबर म्हणजे कोणतं रबर?

एका कारखान्याच्या देखभाल विभागात मी बरीच वर्षं काढली. तिथली माझीच एक चूक आज सांगतो. डिझेलच्या पाइपलाइनमधल्या एका फ्लँजचं पॅकिंग फाटलं होतं. स्टोअरमध्ये काळ्या रबरशीटचा तुकडा पडला होता. मी तो मापात कापला, भोकं पाडली, बोल्ट आवळले आणि विसरून गेलो.

काही दिवसांनी ते पॅकिंग फुगून कडेनं बाहेर आलं आणि डिझेल ठिबकू लागलं. पंधरा पावलांवर वेल्डिंग चालू होतं! आमच्या हेल्परचं लक्ष गेलं म्हणून बरं. त्यानं आधी वेल्डरला थांबवलं, मग मला हाक मारली.

मी रबर पाहिलं होतं, रबराची जात पाहिली नव्हती. तो तुकडा नैसर्गिक रबराचा होता. हे रबर ताण आणि झीज उत्तम सोसतं, पण तेल त्याच्या अंगात मुरतं आणि ते फुगतं. तेलाच्या कामाला नायट्राइल रबर लागतं. १९३०च्या दशकात ते जर्मनीत तयार झालं. त्यातल्या अ‍ॅक्रिलोनायट्राइल या घटकामुळे तेल आत शिरत नाही. मात्र हा घटक जितका जास्त, तितकं रबर थंडीत ताठर होतं.

मग नायट्राइलच सगळीकडे का वापरू नये? कारण उघड्यावर ते टिकत नाही. हवेतला ओझोन रबराच्या रेणूसाखळीतले दुहेरी बंध तोडतो आणि ताणलेल्या भागावर भेगा पडतात. ईपीडीएम या रबराच्या मुख्य साखळीत असे बंधच नसतात. म्हणून मोटारीच्या दाराच्या रबरी पट्ट्या त्याच्या करतात. ऊन, पाऊस, गरम पाणी ते सोसतं. तेलात मात्र तेही फुगतं. या दोघांच्या मधलं निओप्रीन. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० साली ते सापडलं. तेल आणि हवा दोन्ही ते बऱ्यापैकी सोसतं.

अडचण अशी, की या चारही शीट दिसतात काळ्याच. तो रंग कार्बनच्या काजळीचा. काजळीनं रबराला बळकटी येते, उन्हापासून रक्षण होतं. पण याच काजळीमुळे काही काळ्या शीटमधून वीज वाहू शकते. म्हणून विजेच्या पॅनेलसमोर हाती लागेल ती शीट अंथरू नका. तिथं आयएस १५६५२ या मानकाची, आपल्या पॅनेलच्या व्होल्टेजला योग्य अशी मॅटच हवी.

शीट घेताना दुकानदाराला तीन गोष्टी सांगा: तिला काय लागणार, ती किती तापणार आणि उन्हात राहणार का. शंका असेल तर एक तुकडा दोन-तीन दिवस त्याच तेलात बुडवून ठेवा आणि आधीची-नंतरची जाडी मोजा. फुगला, तर ती शीट त्या कामाची नाही.

त्या प्रसंगानंतर आमच्या स्टोअरमध्ये प्रत्येक गुंडाळीच्या एका टोकाला पांढऱ्या रंगानं रबराचं नाव लिहू लागलो. कापायचं ते दुसऱ्या टोकाकडून. नावाचा तुकडा शेवटपर्यंत राहिला पाहिजे, हा नियम त्या हेल्परनंच घालून दिला.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)