ध्वनीचें दप्तर

छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत मास्तरकी केलेल्या आणि संगीतांतलें फारसें न कळणाऱ्या माणसानें गाण्यांच्या फाईली कशा लावाव्या या विषयावर बोलावें, हें आपणांस चमत्कारिक वाटेल. मलाही वाटतें. परंतु या विषयांत मीं एक मोठी चूक केलेली आहे, आणि आज बोलण्याचा माझा अधिकार काय तो एवढाच.

आमचें कट्टा हें मालवणाहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. या मुलखांत आवाजाला तोटा नाहीं. जत्रांच्या दिवसांत दशावताराची पायपेटी आणि पखवाज रात्रभर घुमतात. डबलबारीच्या भजनाला माणसें लोटतात. परंतु दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते, नट उभ्या उभ्या संभाषण रचतात. आणि जात्यावरच्या ओव्या तर जात्याबरोबरच घराच्या कोपऱ्यांत जाऊन बसल्या. आमचें जें कांहीं आहे तें बहुतेक कानांत आहे, कागदावर नाहीं. म्हणून २०१६ च्या उन्हाळ्यांत मीं व माझ्या पुतण्यानें वाडींतल्या वयस्क बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करावयास घेतल्या. पुतण्या डोंबिवलीस असतो व ध्वनिमुद्रणाचेंच काम करतो. गाणाऱ्यांत माझी थोरली बहीण होती. तिला आम्ही आक्का म्हणत असूं.

त्या वर्षीं चौसष्ट फाईली झाल्या. यंत्रानें त्यांना एकपासून चौसष्टपर्यंत क्रमांक दिले, आणि मीं तेच राहूं दिले. पुढच्या वर्षीं यंत्रांतलें कार्ड पुसून पुन्हां काम सुरू केलें, तेव्हां यंत्रानेंही मोजणी पुन्हां एकपासून सुरू केली. या वेळीं एकेचाळीस फाईली झाल्या. त्या मीं संगणकाच्या त्याच फोल्डरांत घालावयास गेलों. संगणकानें विचारलें, या नांवाची फाईल येथें आहे, तिच्या जागीं ही ठेवूं काय? मीं 'होय' म्हटलें. एकदां नव्हे, सर्वांना मिळून एकदमच म्हटलें.

आक्का २०१८ च्या श्रावणांत गेली. दिवसकार्य उरकल्यावर तिचा आवाज ऐकावा म्हणून मीं फाईल उघडली, तों तींतून पलीकडच्या वाडींतल्या बाईंचा आवाज आला. बाईंचें गाणें उत्तम होतें. मला मात्र तें ऐकवेना. आक्काच्या अकरा ओव्या पहिल्या एकेचाळीसांत होत्या.

पुतण्याला कळवलें. त्यानें तंबोरा व बांसरी यांची जोड देऊन आक्काच्या एका ओवीचें गाणें रचावयास घेतलें होतें. तो 'प्रोजेक्ट' त्याच्यापाशीं होता. त्यानें तो आपल्या नव्या संगणकावर उघडला. पडद्यावर पट्ट्या दिसल्या, 'आक्का' हें नांवही दिसलें, पण आवाज नाहीं! प्रोजेक्टची फाईल म्हणजे बाजाराची यादी असते, हें मला त्या दिवशीं समजलें. अमुक आवाज अमुक ठिकाणाहून घ्यावा, तो कोठें कापावा, किती मोठा करावा, एवढें तींत लिहिलेलें असतें. प्रत्यक्ष आवाज दुसरीकडे पडलेला असतो. तो हलला कीं यादी हातांत राहते आणि पिशवी रिकामी. दोन रात्री शोधल्यावर त्याच्या जुन्या संगणकांत ती ओवी सांपडली. नांव काय, तर 'फायनल नवीन २'. अकरांपैकीं तेवढी एक वांचली.

शाळेचें जनरल रजिस्टर आपणांपैकीं ज्यांनीं दाखल्यासाठीं खेटे घातले असतील त्यांना आठवत असेल. मूल शाळेंत आलें कीं त्याला क्रमांक मिळतो आणि तें शाळा सोडून गेलें तरी तो क्रमांक दुसऱ्याला देत नाहींत. एका वर्गांत एकाच नांवाचीं तीन मुलें असलीं तरी रजिस्टरांत घोटाळा होत नाहीं. हें रजिस्टर मीं वर्षानुवर्षें स्वतःच्या हातानें लिहिलें, आणि घरच्या आवाजांना मात्र क्रमांक द्यावयाचें मला सुचलें नाहीं.

ही निकड नवी नव्हे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें ध्वनिमुद्रित झालें, तेव्हां गाणें संपतांच त्यांनीं इंग्रजींत आपलें नांव उच्चारलें. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें निघत. तेथील कामगारांना चिठ्ठी बरोबर लावतां यावी म्हणून ही युक्ति, असें सांगतात. आवाजाच्या पोटांतच नांव! आपल्याकडे गी पॉइत्वाँ व हेमा राईरकर यांनीं सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गांवांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊं लागल्या. तेथें ओवीबरोबर गायिकेचें नांव व गांव दिलेलें असतें. त्यांच्या लाखापुढें माझ्या चौसष्टांची ती काय कथा, आणि तेवढीही मला सांभाळतां आलीं नाहींत.

आतां आमच्या घरीं एक वही आहे. ध्वनिमुद्रण झालें कीं त्याच संध्याकाळीं, चहा घेण्यापूर्वीं, नोंद होते: क्रमांक, दिवस, गांव, गायिका, गीताचा विषय, आणि तें लोकांस ऐकविण्याची तिनें परवानगी दिली कीं नाहीं. फाईलीच्या नांवांत वर्ष प्रथम, मग महिना, मग दिवस; म्हणजे अक्षरक्रमानें लावल्यास काळाचा क्रम आपोआप लागतो. क्रमांकापुढें शून्यें द्यावीं, नाहीं तर दहा हा दोनच्या आधीं येऊन बसतो. नांवें देवनागरींत असावीं असा माझा हट्ट होता. पण कांहीं संगीताचे प्रोग्राम त्यांवर अडखळतात असें पुतण्याचें म्हणणें पडलें, म्हणून फाईलीवर रोमन आणि वहींत मराठी अशी तडजोड झाली. मला ती अद्यापि रुचलेली नाहीं.

एका गाण्याला एक फोल्डर. त्यांत मूळ आवाज निराळे, प्रोजेक्ट निराळा, तयार गाणें निराळें. वापरलेला प्रत्येक आवाज त्याच फोल्डरांत आणून ठेवावयाचा. 'फायनल' हा शब्द घरांतून हद्दपार केला आहे, फक्त ०१, ०२ असे आंकडे. गाणें पुरें झालें म्हणजे प्रत्येक पट्टी आरंभापासून शेवटपर्यंत स्वतंत्र 'वेव्ह' फाईल म्हणून काढून ठेवतों. वीस वर्षांनीं हा प्रोग्राम उघडेल कीं नाहीं कोण सांगेल? जागा लागते हें खरें. सेकंदाला ४८,००० वेळां मोजलेला, २४ बिटांचा, दोन वाहिन्यांचा आवाज तासाला सुमारें एक गिगाबाइट होतो. एमपी३ केल्यास तो एक दशांशाहूनही कमी करतां येतो, परंतु त्यांत जें गळतें तें परत येत नाहीं. धाडावयास एमपी३ चालेल. मूळ तसेंच राहूं द्यावें.

प्रती तीन: एक संगणकांत, एक कपाटांतल्या डिस्कवर, एक डोंबिवलीस. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळानें आमचीं कौलें उडवलीं तेव्हां कपाटांत पाणी शिरलें आणि डिस्क गेली. वीज यावयास बरेच दिवस लागले. संगणकांतलें आहे कीं गेलें हें तोंवर समजेना. त्या दिवसांत डोंबिवलीच्या प्रतीचा केवढा आधार वाटला म्हणून सांगूं!

उरलेल्या चौसष्टांत सतरा फाईलींच्या गायिका मला ओळखतां येत नव्हत्या. वही घेऊन घरोघर गेलों, बायकांना आवाज ऐकविले. एकीनें आपल्या सासूला हंसण्यावरून ओळखलें. गाण्याच्या आधीं ती म्हातारी थोडीशी हंसली होती, तेवढें यंत्रानें टिपलें होतें. सुदैवानें तें हंसणें कापून टाकावयाचें पुतण्याच्या हातून राहून गेलें. आतां सहा उरल्या आहेत. येत्या रविवारीं पेंडूरच्या एका आजींकडे जावयाचें ठरलें आहे. त्यांना दिसत नाहीं, पण कान शाबूत आहेत असें त्यांच्या सुनेनें कळविलें आहे.