पान्ह्याची तयारी गर्भधारणेपूर्वी



आपल्याकडे बाळंतिणीच्या खुराकाची चिंता बाळंतपणानंतर सुरू होते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाळंतशोपा असा सारा सरंजाम घरात गोळा होतो. या पदार्थांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांनी तिला पोषण मिळते आणि वडीलधाऱ्यांचे लक्ष तिच्याकडे वळते, हेही थोडे नव्हे. परंतु अंगावरच्या दुधाचे पुष्कळसे भवितव्य त्याआधीच ठरून गेलेले असते. भिवंडी तालुक्यात ही गोष्ट विशेष ठळकपणे दिसते.

येथील अनेक कुटुंबांचे बिऱ्हाड एका जागी नसते. यंत्रमागावर पोट भरणारी पुष्कळ घराणी मूळची उत्तर प्रदेशातील वा तेलंगणातील. गोदामांतील मजूर आणखी निराळ्या मुलखांतून आलेले. ग्रामीण भागातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर पाड्यावर परततात. त्यातच पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. त्यामुळे आठव्या महिन्यात भिवंडीच्या दवाखान्यात परिचारिकेने जे समजावून सांगितले, ते मूल जन्मते त्या घरी पोहोचलेलेच नसते. तेथे आजी मधाचे बोट चाटवते, कोणी गुळाचे पाणी पाजते आणि आईचा पहिला चीक पिळून टाकला जातो. गाईचा चीक आला की शेजारीपाजारी खरवस वाटणारा हा समाज. आईचा चीक मात्र त्याला बाळासाठी जड वाटतो!

वस्तुतः हा चीक गर्भारपणाच्या मध्यापासूनच तयार होऊ लागतो. तो थोडा असतो, कारण नवजात अर्भकाचे पोटही तेवढेच असते. आणि रोगांशी झुंजणारी द्रव्ये त्यात भरपूर असतात. म्हणूनच जन्मानंतरच्या पहिल्या तासात बाळास छातीशी धरावे असे सांगितले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दवाखान्यांत होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ९०.३ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के झाले. याच काळात पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण मात्र ५७.५ वरून ५३.२ टक्क्यांवर आले. दवाखान्याची पायरी चढली म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटतो, असे दिसत नाही. प्रसूतिगृहात थकलेली आई काही मागू शकत नाही. तिच्या वतीने सोबतच्या बाईने बोलावयास हवे. त्या बाईला हे ठाऊक असावयाचे, तर सासू आणि आई या दोघींशीही बोलणे लग्नाच्या सुमारासच झाले पाहिजे.

दुसरी गोष्ट रक्ताची. अंगावरच्या दुधातील लोह आईच्या खाण्याने फारसे वाढत नाही. बाळ पहिले सहा महिने केवळ आईच्या दुधावर वाढते, तेव्हा त्याला लागणारे लोह बव्हंशी गर्भातच साठवलेले असते. ही साठवण आईच्या अंगात लोह असेल तरच नीट होते. उपरोक्त २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. गरोदरपणाची नोंद तिसऱ्या-चौथ्या महिन्यात झाली, तर ही तूट भरून काढण्यास हाती वेळ थोडा उरतो. यासाठीच २०१८ च्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठीही आठवड्याला लोहाची एक गोळी सांगितलेली आहे. शाळेत मुलींना मिळते ती निळी, मोठ्या स्त्रियांना लाल. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही, एवढी साधी गोष्टही फार थोड्या घरांत माहीत असते. 'ब-१२' जीवनसत्त्व आणि आयोडीन यांची गोष्ट निराळी: आईच्या अंगी त्यांची उणीव असली, तर ती दुधातही उतरते. मशेरीची सवय असेल तर ती गर्भधारणेआधीच सुटावी. तिच्यातील निकोटीन दुधातून बाळाला पोहोचते.

छातीसाठी मात्र आधी काहीच करावे लागत नाही. स्तन लहान म्हणून दूध कमी, हा समज खोटा आहे. स्तनाग्रे घासून कठीण करण्याचा उपद्व्याप तर करूच नये. ती आत ओढलेली असली तरी बाळ भोवतीचा काळा भाग तोंडात घेऊन पिऊ शकते. शंका असेल तर परिचारिकेला आधीच दाखवावे. थायरॉइड, मधुमेह वा छातीची पूर्वीची शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टरांना लग्नानंतर लवकर सांगितलेले बरे.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि भिवंडीत तोच सर्वांत अवघड. दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनेतील स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. घरी कांड्या भरणारी, नगावर कापडाचे धागे कापणारी स्त्री या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. तिची मजुरी बुडते. म्हणून महिन्या-दीड महिन्यातच बाळाला बाटली लागते. बाटली आणि दुधाची भुकटी यांच्या जाहिरातींस १९९२ च्या कायद्याने मनाई केली. परंतु गरजेला जाहिरात लागत नाही. २०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात. मजुरीच्या मानाने ही रक्कम थोडी आहे हे मान्य करावे लागेल. तरीही आधार कार्ड व बँक खाते लग्नानंतर लगेच जुळवून घेतले, तर ती वेळेवर तरी हाती पडते. परगावच्या सुनेचे खरे अडते ते या कागदांपाशी.

ग्रामपंचायतीत विवाहाची नोंद होते, तो दिवस या साऱ्यासाठी सोयीचा आहे. नवी सून गावात आली एवढे आशा कार्यकर्तीला त्याच दिवशी कळवले, तर रक्ततपासणी, गोळ्या आणि सासूशी बोलणे ही तिन्ही कामे पहिल्या महिन्यातच होऊ शकतात. वीटभट्टीवर निघालेल्या कुटुंबाच्या बोचक्यात हंगामभराच्या गोळ्या आणि मुक्कामाजवळच्या उपकेंद्राचे नाव लिहिलेली चिठ्ठी दिवाळीपूर्वीच जावी.