प्राणवायूची वाहतूक



या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, राजकारण यांवर बोलणारे विद्वान आपण नेहमी ऐकता. मी विद्वान नव्हे. आयुष्यभर रुग्णांच्या खाटेशी उभी राहिलेली मी एक परिचारिका, आणि पुढे परिचारिकांची शिक्षिका. म्हणून विषयही खाटेजवळचाच निवडला आहे. पुढच्या रांगांत परिचारिका विद्यालयातील मुली बसल्या आहेत. त्यांच्यासाठी हा धडा आहे. पण बाकीच्यांनाही तो परका वाटू नये. २०२१ सालच्या त्या उन्हाळ्यात आपण सर्वांनीच बोटाला तो लहानसा चिमटा लावून आकडा पाहिला आहे. ९८ दिसले की जीव भांड्यात पडे. ९४ च्या खाली गेले की सारे घर हवालदिल होई. तो आकडा नेमका कशाचा, हे आज पाहू.

आरंभी माझीच एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात एक बाई दाखल झाली. चार पावले चालली तरी तिला धाप लागे. "बाई, जीव घाबरतो हो," असे ती सारखी म्हणे. रात्रपाळीच्या विद्यार्थिनीने चिमटा लावला, आकडा आला ९८. तिने तक्त्यात नोंदले, 'प्राणवायू उत्तम, त्रास नाही.' दुसऱ्या दिवशी रक्ताचा तपास आला. हिमोग्लोबिन अवघे ५. मुलगी खोटे लिहीत नव्हती, यंत्रही खोटे सांगत नव्हते. चूक माझी होती. मी तिला आकडा वाचायला शिकवले होते. तो कशाचा, हे शिकवले नव्हते.

आता मूळ विषयाकडे वळू. आपल्या फुप्फुसांत तीस ते पन्नास कोटी वायुकोश आहेत. प्रत्येकाभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ आहे. तांबडी पेशी या जाळ्यातून पाऊण सेकंदात निघून जाते, आणि तेवढ्या वेळात तिचे काम होऊन वर वेळ उरतो. रक्त हृदयातून निघून फिरून हृदयातच येते, हे विल्यम हार्वे याने १६२८ साली दाखवले. पण धमनीतून नीलेत ते जाते कोठून, हे त्याला दिसले नव्हते. १६६१ साली मालपिगी याने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली हे जाळे पाहिले आणि साखळीचा तुटका दुवा जुळला.

पण रक्तात प्राणवायू नुसता विरघळत नाही का? विरघळतो, पण अगदी थोडा. १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर. एवढ्यावर कोणी जगणार नाही. म्हणून वाहन हवे. ते वाहन म्हणजे हिमोग्लोबिन. जुन्या काळी स्टेशनाबाहेर टांगे उभे असत, ते आठवा. एका टांग्यात चार प्रवासी. हिमोग्लोबिनच्या एका रेणूतही प्राणवायूच्या नेमक्या चारच जागा असतात. फुप्फुस हे स्टेशन; तेथे टांगे भरतात आणि गावात जाऊन रिकामे होतात. कोठे उतरायचे, हेही ठरलेले असते. जो स्नायू राबतो आहे, तेथे उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड अधिक. तेथे प्राणवायू अधिक सुटतो. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम १९०४ साली डेन्मार्कच्या क्रिश्चन बोर यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिला. अणुशास्त्रज्ञ नील्स बोर हे त्यांचेच चिरंजीव.

आता थोडा हिशेब करू. हिमोग्लोबिन १५ असेल, तर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू मावतो. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे मिनिटाला १००० मिलिलिटर प्राणवायू गावात पोहोचतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला लागतो सुमारे २५०. म्हणजे चौपट पुरवठा. ही शिल्लक आहे म्हणून आपण जिना चढतो, बस पकडायला धावतो.

त्या बाईचे हिमोग्लोबिन होते ५. तिच्या रक्तात पोहोचणारा प्राणवायू सुमारे एक तृतीयांश, म्हणजे मिनिटाला ३३० च्या आसपास. गरज २५०. शिल्लक जवळजवळ नाहीच. म्हणून तिचे हृदय जास्त वेगाने धावत होते, आणि चार पावलांतच धाप लागत होती. मग चिमटा ९८ का म्हणत होता? कारण चिमटा टांगे मोजत नाही. टांग्यांतल्या जागा किती भरल्या, एवढेच सांगतो. तिचे टांगे भरलेले होते, पण टांगेच एक तृतीयांश उरले होते!

आणखी एक फसगत सांगते. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू असेल आणि हवा खेळती नसेल, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. तो प्राणवायूच्या जागा बळकावतो. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. साधा चिमटा हे दोन प्रवासी वेगळे ओळखू शकत नाही. माणूस गुदमरतो आणि आकडा चांगलाच दिसतो. तेव्हा अशा वेळी आकड्याची वाट पाहू नये. माणसाला आधी उघड्या हवेत आणावे.

तेव्हा मुलींनो, चिमटा जरूर लावा. १९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागी यांनी या यंत्राचे तत्त्व मांडले. त्याने असंख्य प्राण वाचवले आहेत. पण साखळीचे दुवे तीन आहेत: फुप्फुसांत हवा येते का, रक्तात वाहन आहे का, आणि हृदय ते हाकते का. चिमटा मुख्यतः पहिल्याचे उत्तर देतो. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे तुमच्या डोळ्यांनी आणि हातांनी शोधायची आहेत. श्वास पुरा एक मिनिट मोजा. खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. हातपाय गार आहेत का, नाडी किती, रुग्ण एक वाक्य सलग बोलू शकतो का, हे पाहा. ओठ निळे पडण्याची वाट पाहू नका; निळेपणा दिसायलाही पुरेसे हिमोग्लोबिन लागते, आणि ज्याच्या अंगात रक्तच कमी, तो निळा न पडताही संकटात असू शकतो.

आणि घरच्या मंडळींना एकच सांगणे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे निम्म्याहून अधिक घरांत नाही म्हटले, तरी आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत अशी कोणीतरी आहे. ती 'थकल्यासारखे वाटते' म्हणते आणि आपण म्हणतो, 'कामाने होते तसे.' तिच्या बोटाला चिमटा लावलात तर तो ९८ सांगेल. समाधान मानू नका; हिमोग्लोबिन तपासून घ्या. ही तपासणी साधी आहे, आणि बहुतेकींचा उपायही डॉक्टरांच्या सल्ल्याने साधाच असतो.

त्या बाईला रक्त दिले, औषध सुरू झाले, आणि ती पायी चालत घरी गेली. जाताना ती त्या विद्यार्थिनीला म्हणाली, "पोरी, मी सांगत होते ना, जीव घाबरतो म्हणून!" ते वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी सांगत आले. यंत्राच्या आधी रुग्णाचे ऐका.